राजीनामा दिला, पण हिशेब कोठे?

कसबा बावड्यातील ऊसकरी व कारागीर बंधूंनो, १९८२ च्या जानेवारीत मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांनी खुर्ची सोडली. पण आपखुषीने नव्हे. सिमेंटचे वाटप आणि त्यांच्या ट्रस्टांना मिळालेल्या देणग्या यांचा संबंध आहे, असा निकाल मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी १२ तारखेस दिला, तेव्हा सोडली.

सिमेंटवर त्या काळी सरकारी नियंत्रण होते. विहीर बांधण्यास चार पोती हवीत म्हणून शेतकऱ्याने कचेरीचे उंबरे झिजवावेत, गवंड्याने थापी खाली ठेवून बसावे, आणि बिल्डराने देणगी टाकून माल उचलावा, हा कोठला न्याय? पुढे फौजदारी खटल्यात साखर कारखान्यांच्या देणग्यांचाही प्रश्न आला. कारखान्याचा पैसा कोणाचा, हे राजाराम कारखान्याच्या काट्यावर गाडी लावून रात्र काढणाऱ्यास आम्ही काय सांगावे!

पाटलाने पागोटे उतरून ठेवले म्हणजे चावडीचे दप्तर चुकते झाले काय? खटला वर्षानुवर्षे रेंगाळला. १९८८ साली सुप्रीम कोर्टाने हायकोर्टातील कामकाजच रद्द केले, आणि १९९५ साली हे गृहस्थ दिल्लीत आरोग्यमंत्री झाले. शिक्षा झाली नाही. सबब त्यांस गुन्हेगार म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु हिशेब मागण्याचा अधिकार सभासदास कोर्टाने द्यावा लागत नाही. वार्षिक सभेत अहवाल संपण्याआधीच चहाकडे वळणाऱ्या आमच्या बंधूंनी देणग्यांच्या रकान्यावर बोट ठेवून एवढेच विचारावे: ही रक्कम कोणी मंजूर केली, आणि कोणाच्या हातात दिली?