रक्ताची उलटी : आधी गाडी, मग चौकशी

भिवंडीत बारा-बारा तास यंत्रमागावर उभ्या राहणाऱ्या माणसाला रक्ताची उलटी झाली, की वस्तीत पहिला प्रश्न येतो, "पीत होता का?" वस्त्यांतून आरोग्याचे काम करणाऱ्या आम्हा परिचारिकांचे म्हणणे आहे, पहिला प्रश्न "108 ला फोन लावला का?" हाच हवा.

यकृत कडक झाले, की आतड्यांकडून त्यात येणाऱ्या रक्ताची वाट अडते. दाब वाढून अन्ननलिकेतल्या, जठरातल्या, क्वचित आतड्यातल्याही शिरा फुगतात. त्या फुटल्या की रक्ताची उलटी होते किंवा शौचाला डांबरासारखी काळी, चिकट होते. बहुतेकदा पोट दुखत नाही, म्हणून लोक मूळव्याध किंवा पित्त समजून दोन दिवस घालवतात.

दारू हे एक कारण आहे आणि पाचवे शील आम्हाला मान्यच आहे. पण ब आणि क प्रकारची कावीळ, लठ्ठपणा, मधुमेह यांनीही यकृत कडक होते. लहान मुलांत तर यकृत चांगले असूनही त्याकडे जाणारी शीर गुठळीने बंद होते. त्या मुलाला काय विचारणार? घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदांसह स्वतः धुतले. तो कोणाच्या उपयोगाचा नाही म्हणून इतरांनी टाकला होता. शील स्वतःला सावरण्यासाठी असते, रुग्णाला हिणवण्यासाठी नव्हे.

उपचार आहेत. सलाईन, गरजेपुरते रक्त, अँटिबायोटिक आणि शिरांतला दाब उतरवणारे ऑक्ट्रिओटाइड किंवा टर्लिप्रेसिन. मग 12 तासांच्या आत दुर्बिणीने तपासून अन्ननलिकेतल्या शिरेला रबरी बँड. आतड्यातली शीर दुर्बिणीत सहज सापडत नाही, तिथे सीटी स्कॅन लागतो. पुढे पुन्हा फुटू नये म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रोप्रानोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल. बरे वाटले म्हणून ती गोळी बंद करू नये.

यातले इंजेक्शन दुर्बिणीची वाट पाहत नाही. म्हणून आमची मागणी साधी आहे : भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयातच रात्रंदिवस पहिले इंजेक्शन आणि रक्त मिळावे, मगच रुग्ण ठाण्या-मुंबईला निघावा. महामार्गाच्या कोंडीत रिकाम्या हाताने पाठवलेला रुग्ण वाटेतच जातो.

आणि विहारांनी एक करावे. 28 जुलै 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात काविळीची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत मोफत आहेत. पुढच्या पौर्णिमेला वंदनेनंतर तपासणीची यादी करावी. पिणाऱ्याचेही नाव त्यात आदराने लिहावे.