टूलरूम अजून आपल्याला बंद का?

मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीचं विणकाम खातं अस्पृश्यांना बंद होतं. तुटलेला धागा थुंकीने जोडावा लागे, म्हणून विटाळाची सबब! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला.

आज चाकण-वाळूजला आम्हाला भेटणारी वस्तीतली पोरं बहुतेक प्रेसवर कंत्राटी हेल्पर. बोटं तुटतात ती यांचीच. त्या प्रेसची डाय घडवणारा मात्र टूलरूममध्ये ०.०१ मिलिमीटरचा हिशेब करतो. त्याला मालक सहजी काढत नाही.

हातकाम म्हणजे पुन्हा जातीचा धंदा, असं आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात. आम्हाला पटत नाही. जातीने लादलेलं काम वेगळं, शिकून मिळवलेलं वेगळं.

आयटीआयचा टूल अँड डाय मेकर ट्रेड २ वर्षांचा, दहावीनंतर, राखीव जागांसह. स्पर्धा परीक्षांत अडकलेल्या भावांनो, धाकट्याचा फॉर्म तरी भरा. आणि त्याची त्रिकोणमिती आत्तापासून पक्की करून घ्या.