वाढत्या अंगाची बंदूक

मंडळी, शीर्षक वाचून दचकू नका. या वयात मी काही शिकारीचा नाद धरलेला नाही. गेल्या हिवाळ्यात लेकीकडे टेक्सासला होतो, तिथली ही गोष्ट. नात पंधरा वर्षांची, शाळेच्या ट्रॅप शूटिंगच्या संघात आहे. यंत्रातून उडणाऱ्या तबकड्या शॉटगनने फोडायच्या, एका फेरीत २५. (२००४ साली अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी रौप्यपदक मिळवलं ते डबल ट्रॅपमध्ये, म्हणजे याच्याच भावकीतल्या खेळात.)

जावयांनी तिच्यासाठी ओळखीच्या एकाकडून जुनी बारा बोअरची सेमी-ऑटोमॅटिक घेतली होती. म्हणाले, "बाबा, थोडी लांब आहे, पण वाढत्या अंगाची घेतली. पुढे कामाला येईल."

शाळेचा गणवेश आपण असाच घेत आलो. बाही दुमडली की झालं. बंदुकीची बाही दुमडता येत नाही हो! महिन्याभरात पोरीच्या दंडावर आणि गालावर काळेनिळे डाग पडले, आणि एक दिवस जेवताना ती म्हणाली, "मी सोडतेय."

मग मी जरा खोलात शिरलो. शॉटगनला रायफलसारखं मागचं माप नसतं, मागचं माप म्हणजे आपला डोळा. गाल दस्त्यावर टेकला की डोळा आपोआप नळीच्या रेषेत आला पाहिजे. दस्ता गालाशी फार खाली असेल तर मान उचलावी लागते आणि गाल टेकत नाही; मग धक्का बसला की दस्ता गालावर आपटतो. लांबी जास्त असेल तर बंदूक उचलताना काखेत अडकते आणि खांद्याऐवजी दंडावर बसते. तिचा दस्ता साडेचौदा इंचांचा होता. तिला हवा होता तेराच्या आसपास. कोपराच्या खोबणीपासून बोटापर्यंत मोजायची जुनी युक्ती लोक सांगतात. त्यात मान, गाल, खांदा कशाचाच हिशेब नाही, म्हणून मला ती पटत नाही.

सेमी-ऑटोमॅटिक निवडण्यात चूक नव्हती. गॅसवर चालणाऱ्या बंदुकीत बाराचा थोडा वायू यंत्रणा मागे ढकलण्यात खर्च होतो, त्यामुळे धक्का मवाळ लागतो. आणि आजकाल पुष्कळ बंदुकांबरोबर दस्ता आणि सांगाडा यांच्यामध्ये बसवायच्या पातळ चकत्या मिळतात. त्या बदलून दस्ता वर-खाली, डावी-उजवीकडे करता येतो. डोळ्याच्या जागी १/१६ इंचाचा फरक १६ यार्डांवर साधारण एक इंचाचा होतो, म्हणजे या चकत्या नुसत्या शोभेच्या नव्हेत.

खरी मेख पुढेच होती. नात डावखुरी आणि बंदूक उजव्या हाताची. रिकामं काडतूस दर वेळी तिच्या तोंडासमोरून उजवीकडे उडायचं. दस्त्याचा कलही उलटा. जावई म्हणाले, "सवय होईल."

हे वाक्य ऐकलं आणि मी गप्प झालो. १९७८ साली माझ्या वर्गातल्या एका डावखुऱ्या मुलाच्या हातातली पेन्सिल मी रोज उजव्या हातात देत असे. हेच म्हणत असे. त्याचं अक्षर शेवटपर्यंत सुधारलं नाही, आणि फळ्यासमोर यायला तो घाबरू लागला. माझं चुकलं होतं.

जावयांना मी हे सगळं सांगितलं. ते भले गृहस्थ, दुसऱ्याच दिवशी आम्हाला बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन गेले. त्याने रिकामी बंदूक दोनदा तपासली, तिला डोळे मिटून खांद्याला लावायला सांगितली, मग डोळे उघडायला सांगितले. "काय दिसतं?" तिला नळीची फक्त एक बाजू दिसत होती.

शेवटी डावीकडे काडतूस टाकणारी, आखूड दस्त्याची घेतली. मागच्या रबरी गादीआड पट्ट्या घालून लांबी वाढवता येते, म्हणजे अंग वाढलं तरी अडचण नाही. महाग पडली, हे खरं. पहिल्या फेरीत १४ फुटल्या, फार नव्हेत. पण गालाला हात न लावता गाडीत बसली.

जुनी बंदूक आता जावई वापरतात. ती त्यांना तरी बसते का, ते अजून कुणी मोजलेलं नाही.