फावल्या वेळाचा हिशेब

खानदेश म्हटलं की लोकांना मे महिन्यातलं ऊन आठवतं. पण धुळ्याची थंडी ज्यांनी काढली आहे त्यांना ठाऊक आहे की काही वर्षी इथे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. दिवाळी उरकली की आग्रा रोडच्या आतल्या गल्लीतलं लोकरीचं दुकान बायकांनी भरून जातं. मी जळगावला राहते, कामानिमित्त आठवड्यातून एकदा धुळ्याला येते आणि गेली चार वर्षं सवड मिळाली की या दुकानाच्या पायरीवर बसते. विणायला नव्हे, मला सुलट टाकाही धड येत नाही. मी बसते ती तिथे येणाऱ्या बायकांशी बोलायला.

दुकान एवढंसं. भिंतभर फळ्या, फळ्यांवर रंगांप्रमाणे लावलेले लोकरीचे गुंडे. लोकर म्हणायची एवढंच, त्यात मेंढीचा केस नसतो. बहुतेक माल लुधियानाहून येणारा अ‍ॅक्रिलिकचा. एका बाजूला क्रोशाच्या दोऱ्याची रिळं, नंबर घातलेल्या सुयांच्या जोड्या, बटणं, लेस. आणि काउंटरच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली नमुन्यांची पुस्तकं. हिंदी मासिकांचे जुने बुनाई विशेषांक, काही इंग्रजी पुस्तकं, आणि झेरॉक्स काढून काढून पुसट झालेले कागद.

ही पुस्तकं मागणाऱ्या बायकांपैकी अनेकींना त्यातली भाषा वाचता येत नाही. त्या चित्र बघतात, बोटाने टाके मोजतात, दोन मिनिटं गप्प राहतात आणि पुस्तक परत देतात. आठ दिवसांनी तोच नमुना विणून आणतात, कधी त्यात स्वतःची एक वेल वाढवून. एका मावशीकडे चार बोटं रुंदीची, दोन हात लांबीची विणलेली पट्टी आहे. तिच्यावर एकाखाली एक असे तीसेक नमुने आहेत. तिच्या आईने सुरू केलेली ती पट्टी मावशी पुढे विणते आहे. अक्षरओळख नसलेल्या दोन बायकांनी लिहिलेलं हे पुस्तकच. पण दुकानात तिची वेल उतरवून घेतली जाते तेव्हा तो होतो ‘दुकानाचा नमुना’. मावशीचं नाव त्यावर कुठेच येत नाही.

मी समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेत होते तेव्हा शिवण, विणकाम आणि पापड-लोणची या तीन शब्दांवर आम्ही वर्गात हसायचो. बाईला काहीतरी द्यायचं तर द्या शिलाई मशीन, ही सरकारी योजनांची ठरलेली वाट. बाईला चूल आणि सुई यांतच अडकवून ठेवायचं हे राजकारण आहे, हे आम्ही शिकलो, आणि ते खरंच आहे. चळवळीतल्या आपल्या अनेकजणींनी विणकाम टाकून देण्यातच स्वतःची सुटका मानली. मात्र या हसण्यात आपली एक गोष्ट बघायची राहून गेली. जी बाई विणते आहे ती दर वेळी हौस म्हणून विणते का, हे आपण विचारलंच नाही.

या दुकानात येणाऱ्या बायका दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या पैसे देऊन लोकर नेतात: नातवाला टोपडं, सुनेच्या बाळंतविड्यात कुंची आणि मोजे, नवऱ्याला मफलर. दुसऱ्या काउंटरच्या टोकाशी उभ्या राहतात. त्या पैसे देत नाहीत. दुकानदार लोकर वजन करून त्यांना देतो, वहीत लिहितो, आणि तयार माल आला की पुन्हा वजन करून घेतो. लोकर कमी भरली तर पैसे कापतो. बाळाचा सेट, क्रोशाचं तोरण, टीव्हीवरचा आणि ताटावरचा रुमाल, अशा नगांवर त्यांना मजुरी मिळते. जळगावातही हेच चालतं. कापूस वेचणारीला किलोवर पैसे मिळतात, तसे हिला नगावर. फरक इतकाच, की वेचणीला जाणाऱ्या बाईला कुणी ‘रिकामपणी वेळ घालवायला गेली’ म्हणत नाही.

यातला मोठा भाग रुखवतासाठी जातो. लग्नात रुखवत मांडायचं ते मुलीच्या हातचे गुण दाखवायला, अशी रीत. आता मुलगी शिकते, नोकरी करते, तिला तोरण विणायला वेळ नाही, आणि नसावाही. म्हणून रुखवत विकत येतं. मांडवात व्याही मंडळी ‘मुलीच्या हातात कला आहे हो’ म्हणतात, तेव्हा ती कला असते वस्तीतल्या एका बाईच्या हातातली, जिला त्या लग्नाचं आमंत्रणही नसतं. हुंडा आणि मानपान यांविरुद्ध आपण कितीतरी बोललो, पण रुखवताच्या टेबलावर कुणाची मजुरी मांडलेली असते ते पाहिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी जळगावच्या एका वस्तीतल्या बचत गटात आम्ही एक साधं काम केलं. विणणाऱ्या सात जणींना एकेक वही दिली. सुया हातात घेतल्या की घड्याळ बघायचं, खाली ठेवल्या की पुन्हा बघायचं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या मुलींनी लिहिलं. पहिल्या दिवशी सगळ्या हसल्या. एक काकू म्हणाल्या, “हाई काम थोडंच शे ताई, हात रिकामा नको म्हनीसन करस.”

पंधरा दिवसांनी वह्या उघडल्या. बाळाच्या एका सेटला, म्हणजे स्वेटर, टोपडं आणि मोजे मिळून, सरासरी २३ तास लागले होते. मजुरी १६० रुपये. म्हणजे तासाला सात रुपयेसुद्धा पुरते नाहीत. तोरणाला ११ तास आणि ९० रुपये. तासाला आठ रुपये. तुलनेसाठी सांगते: २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला २९७ रुपये होता. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला सदतीस रुपये. आमच्या सात जणी म्हणजे काही पाहणी नव्हे, त्यावरून सगळ्या जिल्ह्याचे आकडे काढता येणार नाहीत. पण खोलीत एकदम शांतता झाली ती त्या सात वह्यांमुळेच. फावला वेळ म्हणतात तो कुठून येतो हेही त्या वह्यांत होतं. रात्री दहानंतर, पहाटे पाण्याचा नळ येईपर्यंत, दुपारी बाळ झोपल्यावर. सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनपैशाचं काम करणाऱ्या बायकांचे रोजचे २९९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं, पुरुषांचे ९७. या पाच तासांच्या फटींतून जे उरतं त्याला आपण फावला वेळ म्हणतो आणि तो तासाला सात रुपयांनी विकत घेतो.

हे फक्त आपल्याकडचं नाही. आंध्रातल्या नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस शिकवली. पुढे ती परदेशी जाऊ लागली, हजारो बायका घरात बसून ती विणू लागल्या. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यांचा अभ्यास केला, त्यावरचं पुस्तक १९८२ मध्ये निघालं. दिवसाचे सहा-आठ तास विणणाऱ्या या बायकांना व्यापारी, घरचे पुरुष आणि त्या स्वतःही ‘गृहिणी’च म्हणत. व्यापार पुरुषांच्या हातात होता आणि बायकांची कमाई शेतमजूर बाईच्या किमान मजुरीहून कितीतरी कमी. मीसबाईंचं म्हणणं असं, की बाईला गृहिणी म्हटल्यामुळेच तिची मजुरी इतकी खाली ठेवता येते. आमच्या काकूंचं वाक्य आठवा. ‘हात रिकामा नको’ हे तिला कुणी शिकवलं, आणि त्याचा फायदा कुणाला झाला?

विडीच्या बाबतीत मात्र आपण हे वेगळं करून दाखवलं आहे. १९६६ च्या विडी कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला कामगार म्हटलं. सिन्नरच्या, सोलापूरच्या बायकांनी त्यासाठी मोर्चे काढले. मग विडी वळणारी कामगार आणि टाके घालणारी गृहिणी, हे कसं? असंघटित कामगारांच्या २००८ च्या कायद्यात आणि पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरी बसून दुसऱ्यासाठी वस्तू बनवणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे. कच्चा माल मालकाने दिलेला असो वा नसो, ती कामगारच. ‘सेवा’सारख्या संघटनांच्या रेट्यामुळे १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगिरीवरचा १७७ क्रमांकाचा करार केला, पण भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. म्हणजे कागद थोडा आहे, जोर कमी आहे.

जोर कमी असण्याचं एक कारण आपल्या खानदेशच्याच इतिहासात दिसतं. १९७० च्या दशकात शहाद्याला श्रमिक संघटनेच्या लढ्यात भिल्ल शेतमजूर बायका पुढे होत्या. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होता. त्यांनी मजुरीसाठी मोर्चे काढले, दारूचे गुत्ते फोडले. त्या शेतात एकत्र राबत होत्या, एकमेकींचा दर एकमेकींना ठाऊक होता. विणणाऱ्या बायका एकेकट्या घरात बसतात. शेजारणीला किती मिळतात हे विचारणं म्हणजे चहाडी वाटते. त्या एकत्र येतात ती जागा एकच, लोकरीचं दुकान. हा आपल्या शहरातला बायकांचा मजूर अड्डा आहे. तो तसा दिसत नाही, म्हणून आपण तिथे कधी पत्रकं वाटायला गेलो नाही.

दुकानदाराला खलनायक करून भागणार नाही, हेही सांगायला हवं. हिवाळ्यात रस्त्याकडेला लुधियानाचे मशीनचे स्वेटर ढिगाने येतात. त्या किमतीशी हातचं विणकाम टिकत नाही, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. आणि काउंटरमागे दुपारभर बसतात त्या वहिनी, दुकानदाराची बायको. कुणाचा टाका निसटला, कुणाला खांब आणि मुका खांब यातला फरक कळेना, कुणाचा गळा घट्ट झाला, की त्या सुया हातात घेऊन उसवून दाखवतात. लोकर खपते ती वहिनींच्या शिकवण्यामुळे. पाटीवर नाव नवऱ्याचं आणि सासऱ्याचं आहे. मी एकदा त्यांना विचारलं, तुम्हाला यातले किती? त्या हसल्या आणि म्हणाल्या, “आमचंच तर आहे सगळं.” या उत्तरावर काय बोलावं ते मला तेव्हा सुचलं नाही.

आता वह्यांचं पुढे काय झालं ते सांगते. सातपैकी पाच जणी मिळून जळगावच्या एका व्यापाऱ्याकडे गेल्या. सेटला अडीचशे मागितले. तीन आठवडे त्याने कुणालाच लोकर दिली नाही. मग दोनशेवर आला. चौघींना काम मिळालं, बोलण्यात पुढे होती तिला मिळालं नाही, आजही मिळत नाही. ती आता ओळखीत परस्पर विकते, कधी खपतं, कधी नाही. आणि ज्या दोघी गेल्याच नाहीत त्यांतल्या एकीने मला सुनावलं, “हिसाब कया ते हात थांबी जाई, ताई.” हिशेब केला तर हात थांबतील. नवरा आजारी, घरात दुसरी कमाई नाही, सात रुपये तास हे कळून तिने करायचं काय? वही देऊन मी तिची झोप घालवली, तिला दुसरं काम दिलं नाही. हा दोष मी मान्य करते.

तरीही हिशेब करावा असंच माझं मत आहे. पण तो एकटीने करू नये, आणि आपण कार्यकर्त्यांनी तो करायला लावून घरी जाऊ नये. मला सुचतात त्या गोष्टी साध्या आहेत. गावातल्या सगळ्या दुकानांचे नगावरचे दर एका कागदावर लिहून ते वस्तीत लावावेत. लोकरीचं वजन घेताना आणि देताना बाईच्या हातातही चिठ्ठी असावी. गटाने स्वतः घाऊक लोकर आणून पाहावी, निदान रुखवताच्या हंगामात; बचत गटाचं कर्ज त्यासाठीच असतं. ई-श्रमवर नोंदणी करताना ‘गृहिणी’ न लिहिता विणकाम कामगार म्हणून नोंद करण्याचा आग्रह धरावा. जिने नमुना काढला तिचं नाव त्या नमुन्याला द्यावं. आणि ज्या एकीचं काम बोलल्यामुळे गेलं, तिच्यासाठी गटाने आधीच थोडे पैसे बाजूला ठेवावेत, कारण अशी एक प्रत्येक ठिकाणी निघणारच.

ज्या बायका आपल्या आनंदासाठी विणतात त्यांना यातलं काही लागू नाही. दिवसभरात स्वतःसाठी म्हणून अर्धा तास सुया घेऊन बसणारी बाई मी पाहिली आहे, आणि तो अर्धा तास तिच्याकडून कुणी काढून घेऊ नये. पण तिचा अर्धा तास आणि मजुरीवरच्या बाईचे २३ तास यांना एकच नाव देणं थांबवू या.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातही असं एखादं दुकान असेल. या हिवाळ्यात तिथे जा, काउंटरच्या टोकाशी कोण उभं राहतं ते बघा, आणि सेटला किती मिळतात ते विचारा. जो दर कळेल तो आम्हाला कळवा. धुळे-जळगावचे दर आमच्या वहीत आहेतच. नाशिक, मालेगाव, बुलढाण्याचे त्याच्या शेजारी लिहायचे आहेत.