दुर्बीण की पोट उघडून? गर्भपिशवीतल्या गाठींबाबत आधी विचारायचा प्रश्न वेगळाच

कोल्हापूर : सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘फायब्रॉइड’ दिसलं की घरात लगेच चर्चा सुरू होते, ऑपरेशन दुर्बिणीतून करायचं की पोट उघडून? दुर्बीण म्हणजे चांगलं, उघडून म्हणजे जुनं, असं गावागावांत डोक्यात बसलंय. प्रत्यक्षात ते गाठी कशा आहेत यावर ठरतं.

दुर्बिणीत पोटावर अर्धा-एक सेंटिमीटरची तीन-चार छिद्रं पाडतात, आत गॅस भरतात आणि कॅमेऱ्यात बघून गाठ सोडवतात. बाई बहुधा एक-दोन दिवसांत घरी येते, दुखणंही कमी. उघड्या ऑपरेशनला सिझेरियनसारखा छेद लागतो आणि सावरायला चार ते सहा आठवडे जातात. पण गाठी बऱ्याच असतील, नारळाएवढ्या किंवा खोल रुतलेल्या असतील, तर डॉक्टरांचा हात आत जाणंच फायद्याचं. कॅमेऱ्याला न दिसणारी गाठ बोटांना लागते. पुढे मूल हवं असेल तर पिशवीचे आतले टाके पक्के पाहिजेत, आणि ते दुर्बिणीतून घालायला सरावाचा हात लागतो. ‘अशी किती ऑपरेशनं केलीत?’ हे डॉक्टरांना विचारण्यात लाज कसली?

मोठी गाठ लहान छिद्रातून काढायची तर तिचे आतच तुकडे करावे लागतात. गाठीत न कळलेला कॅन्सर असेल तर तो पोटात पसरू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये दिला. असा कॅन्सर क्वचितच निघतो. तरी तुकडे पिशवीबंद करून काढणार का, हे विचारून घ्यावं.

आणि बाहेरचे टाके लहान म्हणून आतली जखम लहान नसते. आठवडाभरात वैरणीचा भारा डोक्यावर घेतला तर दुर्बिणीचा फायदा काय राहिला?

पण या सगळ्याच्या आधी एक प्रश्न आहे. नुसती गाठ काढणार की पिशवीच? बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेला आकडा विसरण्यासारखा नाही : पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे शंभरात सुमारे सतरा. बीडच्या टोळ्या कोल्हापूरच्या फडातही येतात. अशा अनावश्यक ऑपरेशनांवर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राज्यांना केंद्राच्या मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगितलं.

त्रास नसेल तर बहुतेक गाठींना हात लावावा लागत नाही. पाळी गेल्यावर त्या बहुधा आकसतात. अंगावरून जास्त जात असेल तर गोळ्या किंवा हार्मोनची कॉइल आधी करून बघता येते. पिशवीच्या पोकळीत आलेली गाठ तर खालच्या मार्गाने, पोटावर एकही छेद न देता निघते.

‘उद्याच पिशवी काढू, नाहीतर कॅन्सर होईल’ असं कुणी म्हटलं तर सोनोग्राफी आणि हिमोग्लोबिनचा रिपोर्ट घेऊन सीपीआरच्या स्त्रीरोग विभागात किंवा दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे दाखवावं. फुले जनआरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे योजनेतल्या दवाखान्यातला आरोग्यमित्र सांगतो. जाताना रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्यावं.