प्लेगची साथ ओसरते, जिवाणू मात्र रानात टिकून राहतो

फेब्रुवारी २००२ मध्ये हिमाचल प्रदेशातील सिमला जिल्ह्यात फुप्फुसाच्या प्लेगचे १६ रुग्ण आढळले. त्यांपैकी चौघांचा मृत्यू झाला. पहिला रुग्ण शिकारीसाठी जंगलात गेला होता आणि तेथे त्याने एका रानमांजराचे कातडे सोलले होते. त्याच्यापासून निकटच्या संपर्कातील इतरांना संसर्ग झाला. वन्य प्राण्यांमधील जिवाणू मानवी वस्तीत कसा शिरतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

यर्सिनिया पेस्टिस हा प्लेगचा जिवाणू प्रामुख्याने रानातील उंदीरवर्गीय प्राण्यांमध्ये तग धरून राहतो. पिसवांमार्फत तो घरातील उंदरांपर्यंत पोहोचतो. हे उंदीर मरू लागले की पिसवा माणसाला चावतात आणि गाठीचा प्लेग होतो. वेळीच उपचार न मिळाल्यास संसर्ग फुप्फुसात उतरू शकतो. त्यानंतर खोकल्यातील तुषारांवाटे तो थेट माणसाकडून माणसाकडे पसरतो.

१९६६ नंतर सुमारे तीन दशके देशात प्लेगची नोंद नव्हती. मात्र ऑगस्ट १९९४ मध्ये महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. आदल्या वर्षी मराठवाड्यात झालेल्या भूकंपानंतर ओस पडलेल्या घरांतील धान्यावर उंदरांची संख्या वाढली असावी, असे अनुमान तेव्हा मांडण्यात आले. पुढच्याच महिन्यात सुरतमध्ये साथीची बातमी पसरली आणि भयभीत झालेल्या लाखो नागरिकांनी शहर सोडले. अनेक देशांनी भारताशी असलेली विमानसेवा स्थगित केली. २००४ मध्ये उत्तरकाशी जिल्ह्यातही प्लेगने डोके वर काढले.

देवीच्या रोगाचे उच्चाटन होऊ शकले, कारण त्याच्या विषाणूला प्राण्यांमध्ये आश्रय नव्हता. प्लेगच्या बाबतीत मात्र तसे नाही. दीर्घकाळ रुग्ण न आढळणे म्हणजे रोग नाहीसा होणे नव्हे; तो केवळ रानापुरता मर्यादित झालेला असतो.

दिलाशाची बाब म्हणजे, स्ट्रेप्टोमायसिन व डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविके या रोगावर प्रभावी आहेत. खरी अडचण निदानाची आहे. अनेक वर्षे न पाहिलेल्या रोगाची शंका डॉक्टरांच्या मनात चटकन येत नाही आणि फुप्फुसाच्या प्लेगमध्ये एका दिवसाचा विलंबही जिवावर बेतू शकतो. म्हणूनच रुग्ण नसतानाही उंदीर व पिसवांची नियमित तपासणी सुरू ठेवणे आवश्यक ठरते. उंदीर मोठ्या संख्येने मरून पडल्याचे दिसताच ग्रामस्थांनी आरोग्य केंद्राला कळवणे, हीच पुढील साथ रोखण्याची पहिली पायरी आहे.