खलनायक असू द्या, पण मेलेल्या बाईलाही नाव द्या

मालिकांमधली हिंसा थांबवा, खलनायकांचे लाड पुरे करा, ही मागणी आमच्या नवी मुंबईत बागेतल्या बाकावर होते तशी सोसायटीच्या सभेतही होते. मागणी करणाऱ्यांची कळकळ खरी आहे. त्यांचे म्हणणे असे की पूर्वीच्या मालिका सोज्वळ होत्या, आता घराघरांत विष, कट आणि खून शिरले, पोरे खलनायकाच्या लकबी उचलू लागली; म्हणून खलनायकच नको. मला हे पटत नाही. आणि ‘पटत नसेल तर बघू नका’ म्हणून मोकळा होणारा दुसरा पक्ष तर त्याहूनही पटत नाही.

आधी सोज्वळपणाचे पाहू. वाशीच्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव दिले आहे त्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले. त्या परंपरेतल्या नाटकांत राक्षस आरोळ्या ठोकत रंगभूमीवर येत आणि प्रेक्षक त्यांचीच वाट पाहत. कोकणातला दशावतार घ्या. वेद पळवणारा संकासुर अंगभर काळ्या वेशात येतो, मालवणीत बोलतो, टोपी उडवतो, पुढे बसलेली पोरे एकाच वेळी घाबरतात आणि खिदळतात. शेवटी विष्णू त्याला मारतो. खून आणि हसू एकाच पात्रात घालून आपल्या लोकांनी पिढ्यानपिढ्या रात्री जागवल्या. तेव्हा ‘देवमाणूस’ मालिकेत एकीकडे खून आणि दुसरीकडे त्यातल्याच सरू आजीच्या म्हणी, ही सरमिसळ विकृत आहे, हा आक्षेप टिकत नाही.

खलनायक आवडला म्हणजे समाज नासला, हेही खोटे. सिनेमात निळू फुल्यांचा पाटील पाहून बायका बोटे मोडत, आणि तेच निळू फुले राष्ट्र सेवा दलातले कार्यकर्ते होते. ‘रात्रीस खेळ चाले’च्या २०१९ मधल्या दुसऱ्या भागात माधव अभ्यंकरांचा अण्णा नाईक गाजला. या मालिकेवर कोकणाची बदनामी केल्याचा, अंधश्रद्धा पसरवल्याचा आक्षेप पहिल्यापासून होता. अंधश्रद्धेच्या आक्षेपात तथ्य आहे. पण अण्णांच्या हिंसेबद्दल मी मालिकेच्या बाजूने उभा राहीन. कारण तिथे शकुंतला नरे यांची माई, अण्णांची बायको, होती. अण्णांचा दरारा किती, हे आपल्याला कळले ते माईच्या चेहऱ्यावरून. मार देणाऱ्याइतकाच मार खाणाराही तिथे पूर्ण माणूस होता.

माझी कसोटी हीच आहे. पडद्यावर रक्त किती सांडले हे मोजू नका. ज्याचे सांडले त्याची गोष्ट सांगितली का, ते विचारा.

या कसोटीवर ‘देवमाणूस’ कुठे बसते? ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झालेली ही मालिका साताऱ्यातल्या वाईजवळच्या धोमच्या हत्याकांडावर बेतलेली. कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वसाहतींत ती वेगळ्याच जिव्हाळ्याने पाहिली गेली, कारण तिथली कितीतरी घरे मूळची साताऱ्याकडची. वाई त्यांच्या गावाकडच्या एसटीच्या वाटेवर. किरण गायकवाड यांनी गोड बोलणारा, गावाच्या उपयोगी पडणारा डॉक्टर उभा केला, तो अस्सल होता. वाईट माणूस शिंगे घेऊन येत नाही, हे प्रेक्षकांना बजावून सांगणे हे मोठेच काम आहे.

आता मूळ प्रकरण आठवा. २०१६ मध्ये अंगणवाडी सेविकांच्या संघटनेचे काम करणारी एक बाई बेपत्ता झाली आणि तिच्या शोधातून सगळे उकरले गेले. तिथल्या डॉक्टरवर आरोप सहा खुनांचा, त्यातल्या पाच बायका. पहिला खून २००३ चा. म्हणजे तब्बल तेरा वर्षे माणसे नाहीशी होत राहिली. बाई नाहीशी झाली तर गाव काय म्हणते, पोलीस तक्रार किती मनावर घेतात, ‘गेली असेल कुणाबरोबर’ हे वाक्य किती जणींना पुरून उरते, खरी गोष्ट ही होती. मालिकेने कॅमेरा बहुतेक वेळ डॉक्टरवर ठेवला. बाई यायची, भुलायची, मरायची, पुढची यायची. खलनायकावर जीव जडला म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये दुसरा भाग आला, २०२५ मध्ये ‘मधला अध्याय’ही आला. मेलेल्यांपैकी कुणाच्या नावाने भाग निघाला नाही.

आणि ज्यांना आपण ‘घरगुती’ म्हणून पोरांसमोर बिनधास्त लावतो त्या मालिका? तिथे सासू किंवा नवरा सुनेच्या कानाखाली वाजवतो. तीच थप्पड तीन बाजूंनी तीनदा दिसते, ढोल वाजतात, दिवाणखान्यातले नऊ चेहरे एकेक करून दिसतात, जाहिराती लागतात. दुसऱ्या दिवशी तीच सून त्याच माणसासाठी चहा घेऊन येते आणि आपण म्हणतो, काय संस्कार आहेत! कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा. या घरांपर्यंत तो पोचलेलाच नाही. मला अण्णा नाइकांपेक्षा या चहाची भीती जास्त वाटते. अण्णा वाईट आहे हे पोराला कळते; हा चहा वाईट आहे हे त्याला कोण सांगणार?

विनोदालाही हीच कसोटी. जाड बाई, काळी बाई, साडी नेसलेला पुरुष यांच्यावर हशा पिकवणे सोपे असते. त्यांना उलट उत्तर नसते. पण ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मध्ये गौरव मोरे ‘फिल्टरपाड्याचा बच्चन’ म्हणून ताठ मानेने उभा राहिला, तेव्हा ज्या वस्तीची टिंगल व्हायची तिनेच माईक हाती घेतला होता. तिथे हसताना जीव दुखत नाही.

राहिला ‘रिमोट तुमच्या हातात आहे’ हा युक्तिवाद. माथाडी चाळीतल्या एका खोलीत टीव्हीही तिथेच आणि दहावीचा अभ्यासही तिथेच असतो. रिमोट आजीच्या हातात, कान नातवाचे. सिनेमाला आधी प्रमाणपत्र घ्यावे लागते, मालिकेला नाही. आणि रात्री साडेदहाची मालिका आता फोनवर दुपारी साडेतीनलाही दिसते. म्हणून जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते.

तेव्हा वाहिन्यांना आणि लेखकांना माझी मागणी एवढीच: खलनायक खुशाल ठेवा, तो भेदक लिहा. पण धोमवर पुन्हा मालिका काढाल तेव्हा पहिला भाग डॉक्टरच्या दवाखान्यात सुरू करू नका. बेपत्ता झालेल्या त्या बाईच्या घरात सुरू करा.